तुळाजीची पळालेली मुलं

‘मुंबईनं आसरा दिलेला फरारी म्हणजे काय एकटा शांताराम? देवगडाला जा, विजयदुर्ग बघ,’ मित्र म्हणाला. १९८० साली मेलबर्नच्या पेंट्रिज तुरुंगातून पळालेला ग्रेगरी डेव्हिड रॉबर्ट्स मुंबईत लपला, मराठी शिकला. एका मराठी खेड्यानं त्याला शांताराम हे नाव दिलं, तेच त्याच्या २००३ च्या जाडजूड कादंबरीचं झालं. मी त्या पुस्तकानं पुरता भारावलो होतो.

देवगडचा किल्ला, दीपगृह, कुणकेश्वर भराभर उरकलं. लॉजवर वीज गेलेली, गादी दमट; उजाडताच गिर्ये गाठलं. वाघोटण खाडीकाठी आंग्र्यांची गोदी आहे, खडक फोडून केलेली. ‘सुकतीक ईलास ता बरा झाला, भरतीक काय दिसूचा नाय,’ रिक्षावाले काका म्हणाले. तळाला चिखल, त्यात खेकड्यांची बिळं. कातळाच्या कडेवरून हात फिरवत बराच वेळ बसलो. इथं गलबतं दुरुस्त होत.

विजयदुर्गावर सगळे ‘साहेबाचे कट्टे’ म्हणतात ते ओटे बघायला धावतात. मी खाडीकडच्या तटावर थांबलो. फेब्रुवारी १७५६ मध्ये समुद्रातून वॉटसनचं इंग्रज आरमार आलं, क्लाइव्हची फौज जमिनीवर उतरली, पेशव्यांचं सैन्य आधीच येऊन बसलेलं. किल्ल्याचा धनी तुळाजी आंग्रे बोलणी करायला पेशव्यांच्या छावणीत गेला, तो परतलाच नाही. गोळ्यानं एक जहाज पेटलं आणि खेटून उभं असलेलं सारं आरमार जळालं. सुमारे दहा लाखांची लूट इंग्रजांनी आपसात वाटून घेतली.

तुळाजी पेशव्यांना जुमानत नव्हता, हे नानासाहेब पेशव्यांची बाजू मांडणाऱ्या इतिहासकारांचं म्हणणं खरं आहे. पण घरचं भांडण मिटवायला परक्याच्या तोफा आणल्या, ही चूक मला कुठल्याच युक्तिवादानं धुतली जाताना दिसत नाही.

तुळाजी कैदेतच मेला. त्याचे दोन मुलगे मात्र बारा-चौदा वर्षांनी निसटले आणि मुंबईत इंग्रजांच्या आश्रयाला गेले, असं इतिहासकार ग्रँट डफ ओझरतं सांगून पुढे जातो. ज्यांनी बापाचं आरमार जाळलं, त्यांच्याच दारात! पेशव्यांच्या पहाऱ्यापेक्षा त्यांना ते दार बरं वाटलं. त्या मुंबईत त्यांनी बापाचं नाव कसं घेतलं असेल?

रॉबर्ट्सनं स्वतःची गोष्ट स्वतः लिहिली. या दोघांची कुणा मराठी कादंबरीकारानं लिहावी. त्याआधी गिर्येची गोदी बघावी, सुकतीची वेळ विचारून.