अम्मीचा चाँद

मोतीबिंदूनंतर अम्मी ईदचा चाँद दुसऱ्यांच्या सांगण्यावरच मानायची. यंदा ७० मिलिमीटर भिंगाची दुर्बीण आणली. दुपारीच गच्चीवरून बीबी का मकबऱ्याचा मिनार नळीत धरला आणि वरच्या छोट्या शोधक दुर्बिणीचे स्क्रू त्यावर जुळवले. नळी पश्चिमेकडे वळवली ती सूर्य पूर्ण मावळल्यावरच; आधी वळवली तर डोळा जायचा.

नाभीय अंतर ७०० मिलिमीटर, नेत्रिका २५ची, म्हणजे २८ पट. नवशिक्याला पुष्कळ. जास्त वाढवलं की चाँद थरथरतो, निसटतो.

दुर्बिणीतला चाँद ग्राह्य की नाही, यावर उलेमांत मतभेद आहेत. आम्ही ऐलान मशिदीचाच मानतो.

अम्मी वाकली. बराच वेळ गप्प.

"बेटा, ये तो उल्टा है."

आतल्या आरशामुळे डावं-उजवं बदलतं, हे सांगणार होतो. तोवर तिचे हात दुआसाठी उठले होते.