‘एफ’पाशी अडलेली बोटे

गिटार शिकू लागणाऱ्याची पहिली परीक्षा कानाची नसून डाव्या हाताच्या बोटांची असते. पोलादी तारा रुतून बोटांच्या टोकांवर लाल वळ उठतात, आणि सतारवादकांना पडतात तसे घट्टे पडेपर्यंत हे दुखणे सोबत राहते. कॉर्ड, म्हणजे तीन वा अधिक स्वर एकदम वाजवून साधलेला स्वरमेळ, ही कल्पना रागसंगीतावर पोसलेल्या कानाला नवी असली तरी लवकर रुचते. घोडे अडते ते ‘एफ’ या कॉर्डपाशी. तिच्यात तर्जनी आडवी टाकून पहिल्या पडद्यामागे (पडदा म्हणजे दांडीवरील धातूची आडवी पट्टी) सहाही तारा दाबायच्या असतात, आणि तारांना टेकू देणारी खाचांची पट्टी तेथून अगदी जवळ असल्याने तारा ताठ लागतात. परिणामी दोन तारा वाजतात, उरलेल्या नुसत्या ठप्प करतात, आणि विद्यार्थी दोष स्वतःच्या बोटांना देतो, जो बहुधा अन्यायच असतो. हाच आकार पाचव्या पडद्यापाशी धरल्यास ‘ए’ मेजर कॉर्ड होते आणि जोरही कमी लागतो. नवशिक्याने सुरुवात तेथूनच करावी आणि एकेक पडदा मागे सरकत ‘एफ’कडे यावे.