चाळणीवर राहिलेलं

जोंधळे चाळायला बसलेल्या बाईला विचारा, चाळणीवर काय राहतं? ती म्हणेल, खडे राहतात. जरा थांबून पुन्हा विचारलंत तर म्हणेल, खडे राहतात, आणि टरफलासकटचे जाड दाणेही राहतात. बारीक खडा असला तर तो मात्र जोंधळ्यांबरोबर खाली जातो. म्हणून तर चाळून झालं की परत सुपात घेऊन निवडायचं. आमच्या जैन घरांत निवडणं म्हणजे नुसते खडे वेचणं नसतं, जीव बघणं असतं. त्यामुळे या कामात कुणी घाई करत नाही.

आता तिलाच दुसरा प्रश्न विचारा. चाळणीवर जे राहिलंय त्यात खडे किती आणि दाणे किती? ती लगेच उलट विचारेल, "पोतं कुठलं?" दुकानातून आणलेले स्वच्छ जोंधळे असले तर चाळणीवर बहुतेक दाणेच राहणार. खळ्यावरचं मातेरं असलं तर बहुतेक खडेच. चाळणी तीच, भोकं तीच, उत्तर मात्र पोत्यावर ठरतं.

अक्षरओळख नसलेल्या माझ्या आजीला हे कळत होतं. आणि मोठमोठ्या पदव्या घेतलेली माणसं नेमका हाच प्रश्न विचारायला विसरतात. गणितात या विषयाला सशर्त संभाव्यता म्हणतात. इंग्लंडमधल्या थॉमस बेज नावाच्या धर्मोपदेशकानं त्यावर निबंध लिहिला, आणि तो त्याच्या मृत्यूनंतर 1763 मध्ये छापला गेला. इतकी वर्षं झाली, तरी कोडं घातलं की माणसं अजून तिथेच अडखळतात.

कोडं असं आहे. कसलाही त्रास नसलेल्या बायकांपैकी शंभरात एकीला स्तनाचा कर्करोग आहे, असं धरा. मॅमोग्राफीची तपासणी आजार असलेल्या बाईला 90 टक्के वेळा पकडते. पण आजार नसलेल्या बाईचाही रिपोर्ट 9 टक्के वेळा चुकून 'पॉझिटिव्ह' येतो. हे शिकवण्यासाठी घेतलेले गोल आकडे आहेत, वय आणि ठिकाण बदललं की तेही बदलतात. तर एका बाईचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. तिला खरोखर आजार असण्याची शक्यता किती?

पुढे वाचण्याआधी मनात एक आकडा धरा. शंभरातल्या बहुतेकजणी म्हणतात, नव्वद टक्के.

हे कोडं माझ्या घरात वहीतून आलं नाही, फोनवरून आलं. आमच्या महिला मंडळानं तपासणीचं शिबिर ठेवलं होतं. माझी थोरली जाऊ, जिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, तीही रांगेत उभी राहिली. चार दिवसांनी फोन आला, "काहीतरी दिसतंय, पुढच्या तपासणीला या." तारीख बारा दिवसांनंतरची मिळाली.

अक्कांनी दोन दिवस कुणाला सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी माझ्या स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, "मी आता दिवाळी बघतो की नाही, कुणास ठाऊक." आमच्या बेळगावकडच्या बायका असंच बोलतात, 'मी येतो, मी बघतो'. एरवी हसू येणारं ते 'बघतो' त्या दिवशी पोटात गेलं.

घरात बघितलं तर तयारी सुरू झालेली. धाकट्या सुनेला कपाटाच्या किल्ल्या दिलेल्या. कुठल्या डब्यात गव्हाच्या कुरडया, कुठल्यात उडदाचे पापड, हे तिला दाखवून झालेलं. बांगड्या दोघी मुलींसाठी दोन पिशव्यांत वेगळ्या बांधलेल्या. पुण्याचा मुलगा इंजिनिअर. त्यानं कुठेतरी वाचलं होतं की ही तपासणी नव्वद टक्के बरोबर असते. तेव्हापासून तो फोनवर नीट बोलत नव्हता. नुसतं "आई, जेवलीस का?" म्हणायचा आणि गप्प व्हायचा.

मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. अक्कांपुढे एक कोरा कागद ठेवला आणि टक्केवारी बाजूला सारली. म्हटलं, "अक्का, टक्के विसरा. बायका मोजूया."

हजार बायका धरा. काही त्रास नसलेल्या, तुमच्यासारख्या शिबिरात सहज आलेल्या. शंभरात एक म्हणजे त्यातल्या दहाजणींना आजार आहे. या दहापैकी नऊजणींना तपासणी पकडते, एक सुटते. राहिल्या 990. यांना काहीही झालेलं नाही. पण यांच्यातल्या 9 टक्के, म्हणजे साधारण 89 जणींचा रिपोर्टही पॉझिटिव्ह येतो. आता दवाखान्यातून फोन किती जणींना जाणार? नऊ आणि 89, मिळून 98 जणींना. त्या 98 मधल्या खरोखर आजारी किती? नऊ.

अठ्ठ्याण्णवात नऊ. म्हणजे शंभरात साधारण नऊ, नव्वद नव्हे.

अक्कांनी कागद जवळ ओढला. बराच वेळ बघत राहिल्या. मग 89 या आकड्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "मग एवढ्या बायका घरी बसून रडतात काय गं, फुकटच?"

गणितातलं याहून नेमकं वाक्य मी वर्गात कधी ऐकलं नव्हतं.

मुलगा चुकला म्हणून त्याला कमी लेखायचं कारण नाही. 1978 मध्ये अमेरिकेत हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात साठ डॉक्टर आणि विद्यार्थ्यांना असाच प्रश्न घातला होता. आजार हजारात एकाला होणारा, आणि तपासणी निरोगी माणसांतल्या 5 टक्के लोकांना चुकून 'आहे' म्हणणारी. बरोबर उत्तर साधारण दोन टक्के. साठांपैकी अकराजणांनी ते दिलं. जवळजवळ निम्मे म्हणाले, 95 टक्के. जर्मनीतले मानसशास्त्रज्ञ गर्ड गिगेरेंझर यांनी तर मॅमोग्राफीचाच प्रश्न 160 स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारला. अचूक उत्तर 21 टक्के डॉक्टरांनीच निवडलं. मग त्यांना टक्क्यांऐवजी माणसं मोजायला शिकवलं, तेव्हा 87 टक्के डॉक्टर बरोबर आले. डॉक्टर तेच आणि आकडेही तेच होते. फक्त मोजायची रीत बदलली.

मग आपण अडखळतो कुठे? मला तीन जागा दिसतात.

पहिली जागा वाक्याच्या उलटापालटीची. 'आजार असलेल्यांपैकी किती जणींचा रिपोर्ट पॉझिटिव्ह येतो' आणि 'रिपोर्ट पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी किती जणींना आजार असतो' ही दोन वाक्यं कानाला सारखी लागतात, पण ती सारखी नाहीत. आपल्याच घरचं घ्या. नेमधर्म पाळणारी जैन माणसं सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. म्हणून रात्री न जेवणारा प्रत्येकजण जैन असतो का? आजकाल वजन उतरवायला निघालेली निम्मी कॉलनी सात वाजता ताट उचलते. त्यांच्या दारात जाऊन 'जय जिनेंद्र' म्हटलंत तर ती गोंधळून बघतील. पहिलं वाक्य जैनांबद्दल आहे, दुसरं न जेवणाऱ्यांबद्दल. आपण एका वाक्याचा आकडा घेतो आणि नकळत दुसऱ्याला चिकटवतो.

दुसरी जागा टक्क्यांची. टक्का ढीग दाखवत नाही. वाटीतलं नव्वद टक्के दूध आणि हंड्यातलं नऊ टक्के दूध, यात जास्त कुठलं? हे कुणी विचारलं तर आपण आधी वाटी आणि हंडा बघू. पण कागदावर नुसतं 90 आणि 9 लिहिलेलं दिसलं की नव्वदच मोठं वाटतं. दहा बायकांतले नव्वद टक्के म्हणजे नऊ. नऊशे नव्वद बायकांतले नऊ टक्के म्हणजे एकोणनव्वद. लहान टक्का, पण हंडा मोठा.

तिसरी जागा मनाची, आणि ती मला सगळ्यांत अवघड वाटते. त्या 89 बायका आपल्याला दिसतच नाहीत. त्या पुन्हा तपासणीला जातात, काही निघत नाही, घरी येऊन कुकर लावतात आणि विषय संपतो. कुणाला सांगतही नाहीत, कारण सांगण्यासारखं काही घडलेलं नसतं. बस्तीत, लग्नात, वाटेवर ज्या गोष्टी आपल्या कानावर पडतात त्या उरलेल्या नऊजणींच्या. कुणाची मावशी, कुणाची नणंद. त्यामुळे 'पॉझिटिव्ह' शब्द ऐकला की डोळ्यांपुढे तेच चेहरे येतात. भीती वाटते तेव्हा माणूस मोजत नाही, आठवत बसतो.

अक्का बाराव्या दिवशी गेल्या. मी बरोबर होते. पुढची तपासणी झाली, सुई घालून नमुना काढला, आणि निघाली साधी पाण्याची गाठ. घरी आल्यावर सगळे मला म्हणाले, "तुझं गणित खरं ठरलं बघ." मी तेव्हाही मान हलवली नाही आणि आता लिहितानाही हलवणार नाही. गणित खरं ठरलं असं म्हणता येत नाही. अक्का त्या नऊजणींतल्या निघाल्या असत्या, तरी कागदावरचा हिशोब तसाच राहिला असता. शंभरात नऊ म्हणजे शून्य नव्हे. त्या नऊजणी कुणाच्या तरी अक्का असतातच. गणितानं अक्कांना वाचवलं नाही. बारा दिवसांतले उरलेले नऊ दिवस तेवढे परत दिले. किल्ल्या सुनेकडून मागून घेण्याइतका धीर दिला.

म्हणून दोन गोष्टी नीट सांगायला हव्यात, नाहीतर या लेखाचा उलटाच अर्थ निघेल. एक म्हणजे तपासणी वाया गेली नाही. तपासणीआधी शंका शंभरात एक होती, नंतर शंभरात नऊ झाली. नऊपट वाढली. परत बोलावलं तर जायलाच हवं. चाळणीवर राहिलेलं कुणी डोळे मिटून फेकून देत नाही, सुपात घेऊन निवडतं. ती दुसरी तपासणी म्हणजे निवडणं. दुसरं म्हणजे पोतं बदललं की हिशोब बदलतो. जिच्या हाताला स्वतःला गाठ लागली आहे, जिच्या आईला किंवा सख्ख्या बहिणीला हा आजार झाला आहे, तिनं अक्कांचा कागद स्वतःला लावू नये. तिचं पोतं वेगळं. आणि दहातली एक सुटते हेही विसरू नये. रिपोर्ट चांगला आला, पण हाताला काही लागतंय, तर 'रिपोर्ट आहे ना' म्हणून घरी बसायचं नाही.

इथे मला स्याद्वाद आठवतो. 'स्यात्' म्हणजे कदाचित, असा अर्थ पुष्कळजण लावतात. पण पाठशाळेत आम्हाला शिकवलं ते असं, की 'स्यात्' म्हणजे अमुक एका अपेक्षेनं, अमुक अटीवर. घडा आहे, पण कुठल्या अपेक्षेनं आहे ते सांग. कोलकात्याची इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट स्थापन करणारे प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी 1954 मध्ये संख्याशास्त्राच्या पायावर लेख लिहिला, त्यात स्याद्वादाचा विचार केला आहे. पुढे 1957 मध्ये जे. बी. एस. हाल्डेन या शास्त्रज्ञानंही त्यावर लिहिलं. आपल्या आचार्यांना संभाव्यतेचं गणित येत होतं, असा दावा मी करणार नाही. तसली फुशारकी आपल्याला शोभत नाही. पण अट लावल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही, ही शिस्त आपल्या कानांवर लहानपणापासून पडलेली आहे. ती फक्त प्रवचनाच्या मंडपात ठेवून का यायची? 'रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे' हे वाक्यही अर्धंच आहे. कुणाचा, कुठल्या वयात, काही त्रास असताना की नसताना, हे जोडल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही.

तेव्हा रिपोर्ट हातात आला की डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावेत. माझ्या वयाच्या, माझ्यासारख्या हजार बायकांत हा आजार किती जणींना असतो? निरोगी असून ही तपासणी किती जणींना परत बोलावते? आणि आता निवडायची पुढची पायरी कुठली? विचारायला संकोच वाटतो, मला माहीत आहे. पण भाजीवालीला आपण 'ही कुठल्या मळ्यातली?' असं विचारतोच की.

आमच्या मंडळाच्या शिबिराच्या पत्रकावर आता तारीख-वेळेच्या खाली दोन ओळी जास्त छापतो. परत बोलावलं म्हणजे आजार आहे असं नव्हे. आणि परत बोलावल्यावर न जाणं, हे मात्र चालणार नाही.