माहुलची शिवलेली वही

मुंबईतल्या माहुलमध्ये निसर्गवही करायची तर ती हिवाळ्यातच जमते. पावसाळ्यात कागद नरम पडतात, खळीला बुरशी येते आणि दाबून ठेवलेलं पान चार दिवसांत काळं पडतं. नोव्हेंबर लागला की हवा कोरडी होते. पान वर्तमानपत्रात घालून पाट्याखाली ठेवलं, तर आठवड्याभरात खडखडीत वाळतं. याच दिवसांत खाडीवर पाहुणे पक्षी उतरतात. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर सालिम अलींचा. या दोन तारखांमधला आठवडा २०२० पासून राज्यात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. आमचा रविवारचा वर्गही त्याच आठवड्यात भरायला लागतो.

मुलं पाच ते नऊ वर्षांची, आणि दोन ठिकाणची. काही माहुल गावातली, कोळ्यांच्या घरातली. त्यांच्या आज्ज्यांना खाडीतल्या चिखलाची खोली पायानं कळते. बाकीची समोरच्या प्रकल्पग्रस्तांच्या इमारतींमधली. तानसा जलवाहिनीच्या कडेची घरं पाडली गेली, तेव्हा तिथल्या बऱ्याच कुटुंबांना इथं आणून ठेवलं. चारी बाजूंना तेलाच्या टाक्या आणि कारखाने. इथली हवा आणि लोकांचं आजारपण हा विषय हरित लवादापुढे गेला, उच्च न्यायालयात गेला. २०१९ मध्ये न्यायालयानं, ज्यांना इथं राहायचं नाही त्यांना दुसरीकडे घर किंवा भाडं द्या, असं सांगितलं. या मुलांना पत्ता विचारला की कितीतरी दिवस ती जुन्या वस्तीचंच नाव सांगायची. माहुलला निसर्ग असतो, हे त्यांच्या घरच्यांना तर पटणंच अवघड होतं. ‘इथं काय बघणार ताई, धूर?’ असं एका आईनं पहिल्याच दिवशी विचारलं. धूरही बघू, म्हटलं.

बाजारातली वही मी मुद्दाम आणली नाही. विकतच्या वहीत मुलं पहिल्या पानावर नाव घालतात, दुसऱ्या पानावर फूल काढतात आणि तिसऱ्या पानाला वही दप्तरातून नाहीशी होते. स्वतः दुमडलेल्या, टोचलेल्या, शिवलेल्या वहीचं तसं होत नाही, असा माझा अनुभव आहे. ती उशाशी घेऊन झोपणारी मुलंही मी पाहिली आहेत.

कागद झेरॉक्सच्या दुकानातून आणतो. एका बाजूनं छापलेला, दुसऱ्या बाजूनं कोरा, असा रद्दीत जाणारा गठ्ठा. एकेक कागद छापील बाजू आत ठेवून मधोमध दुमडायचा. मग घडीची कड बाहेर आणि मोकळ्या कडा शिवणीच्या बाजूला, असे सगळे एकावर एक ठेवायचे. दोन्हीकडून कोरं दिसणारं एक पान तयार होतं, आणि दुमडीच्या आत खिसा राहतो. हा खिसा म्हणजे या वहीची खरी गंमत. वाळलेलं पान, करंजाची शेंग, वाऱ्यानं उडून आलेली म्हातारी, सगळं त्याच दिवसाच्या नोंदीच्या पोटात जातं. पुठ्ठा किराणावाल्याकडचा, बिस्किटांच्या खोक्याचा. त्यावर जुन्या साडीचा तुकडा खळीनं चिकटवायचा. वाटीभर पाण्यात दोन-तीन चमचे मैदा, गुठळ्या मोडून, मंद आचेवर पारदर्शक दिसेपर्यंत हलवायचा. बाइंडर लोक कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. तो विषारी असतो, मुलांच्या हाताशी नकोच. आमची खळ त्याच दिवशी करायची आणि त्याच दिवशी संपवायची.

भोकं पाडायला दाभण लागतो, आणि तो मोठ्यांच्याच हातात. गावातले एक आजोबा आयुष्यभर जाळी विणत आणि सांधत आले. ते ओट्यावर बसून आमचं काम बघत होते. मी गठ्ठ्याखाली लाकडी फळी घेतली होती. ते उठून आत गेले आणि रबराची जुनी चप्पल घेऊन आले. चपलेवर कागद ठेवला की दाभण सरळ जातो, निसटत नाही, टोकही बोथट होत नाही. कडेपासून बोटभर आत, सारख्या अंतरावर चार भोकं. मग मुलं बोथट टोकाची मोठी सुई घेऊन शिवायला बसली. एका मुलीनं दोरा इतक्या जोरात ओढला की कागद फाटला. आजोबा म्हणाले, ‘बाय, वढू नको. बसव त्याला.’ तिनं फाटलेल्या जागी खळीनं पट्टी लावली आणि पुन्हा शिवलं. दोऱ्याला मेणबत्ती घासायची कल्पनाही त्यांचीच. मेण लागलं की दोरा गुंतत नाही आणि गाठ जागच्या जागी राहते. त्या सकाळी खाडीवर जाणं झालंच नाही. दोन तास मुलं माना खाली घालून शिवत होती. एरवी दहा मिनिटं एका जागी न बसणारी हीच मुलं.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर बालवाडीचं काम उभं केलं. तिथं महागडी साधनं परवडणारी नव्हती. मग त्यांनी शंख-शिंपले, बिया, पानं, माती हीच साधनं केली. हे मी शिकताना वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. त्याचं मोल मला कळलं ते चपलेवर ठेवलेला कागदाचा गठ्ठा बघताना.

खाडीवर कधी जायचं, हे घड्याळ ठरवत नाही, तिथी ठरवते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशोब. अष्टमीला सहाच्या सुमारास, दशमीला साडेसातच्या. मोठ्या मुलांनी हा गुणाकार इतक्या आवडीनं केला, की वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर त्यांनी पंधरा तिथ्यांचा तक्ताच लिहिला. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे मोठी भरती, आणि अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे लहान. गावातल्या मुलांना हे शब्द घरातूनच येत होते. इमारतीतल्या मुलांना ते शिकवताना त्यांच्या आवाजात जरा रुबाब यायचा, आणि मला तो आवडायचा. पूर्ण भरतीत चिखल पाण्याखाली असतो. पूर्ण ओहोटीत पक्षी पार लांब जातात. भरती उतरायला लागल्यावर दोन-तीन तासांनी जी वेळ येते, ती आमची.

शिवडी ते माहुल हा चिखलाचा पट्टा. फ्लेमिंगो, म्हणजे रोहित, इथं १९९० च्या दशकापासून मोठ्या संख्येनं येतात. कच्छच्या रणात त्यांची वीण होते. पावसाळा सरल्यावर थवे इकडं यायला लागतात आणि मे-जूनपर्यंत राहतात. ठाणे खाडीच्या वरच्या भागाला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर केलं आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. आमचा किनारा त्या हद्दीत नाही, पण पक्ष्यांना हद्द कोण सांगणार? छोटा रोहित चोच उलटी धरून चिखलातलं पाणी गाळतो आणि त्यातलं सूक्ष्म शेवाळ खातो. त्याच शेवाळातून त्याला गुलाबी रंग मिळतो. पिल्लू करडं असतं आणि गुलाबी व्हायला त्याला काही वर्षं लागतात.

यावरून एकदा वाद झाला. सहा वर्षांच्या एका मुलानं थवा काढला आणि त्यातले तीन पक्षी पेन्सिलीनं राखाडी केले. सगळ्यांचे पाय गाळले. सोबत आलेल्या त्याच्या मामानं लगेच गुलाबी खडू पुढे केला, ‘फ्लेमिंगो असा असतो का? आणि पाय कुठंयत?’ मुलगा म्हणाला, ‘पाय चिखलात आहेत.’ मी मामाला दुर्बीण दिली. थव्याच्या कडेला करडी पिल्लं उभी होती आणि गुडघ्यापर्यंत सगळे चिखलात. मोठ्यांचा खडू मुलांच्या पानाला लागू द्यायचा नाही, याबाबत मी फार कडक आहे. एकदा पान सुधारून दिलं, की पुढच्या वेळी मूल खाडीकडे बघत नाही, आपल्याकडे बघतं.

ज्यांना लिहिता येत नाही ती सांगतात आणि मी लिहून घेते. शब्द त्यांचेच, वाक्य जसंच्या तसं. एखादी मुलगी म्हणाली, ‘निवटी पाण्यातून बाहेर आली आणि तिनं डोळे आत घेतले’, तर तेच लिहायचं. आणि ते अगदी खरं आहे. निवटी हा चिखलात राहणारा मासा. तिचे डोळे डोक्यावर उंच असतात, मधूनच ती ते खोबणीत ओढून ओले करते. हे मी पुस्तकात पाहिलं, त्या मुलीनं चिखलात पाहिलं. सालिम अली साधारण दहा वर्षांचे असताना त्यांनी चिमण्यांच्या एका घरट्याची नोंद करून ठेवली होती. नर मारला गेला की मादीपाशी लवकरच दुसरा नर येतो, हे त्यात होतं. शिकारीच्या नादात केलेली ती नोंद पुढे कित्येक वर्षांनी जशीच्या तशी छापली गेली. मुलांना ही गोष्ट सांगितली तेव्हा त्यांना चिमण्यांचं वाईट वाटलं, पण दुसऱ्या दिवसापासून नोंदीत तारीख आणि वेळ न विसरता यायला लागली.

तिवर या खारफुटीच्या झाडापाशी आम्ही बराच वेळ काढला. पडलेलंच पान घ्यायचं, तोडायचं नाही, हा नियम. खारफुटी तोडायला उच्च न्यायालयाची मनाई आहे, हेही मुलांना सांगितलं आणि त्यांनी ते पोलिसाच्या चित्रासकट वहीत घातलं. भिंगातून पाहिलं तर तिवराच्या पानावर मिठाचे बारीक कण चमकतात. खाऱ्या पाण्यातलं मीठ हे झाड पानांतून बाहेर टाकतं. चाखून बघायचा हट्ट सगळ्यांनी केला. पण या खाडीत काय काय मिसळतं हे ठाऊक असल्यानं मी ते होऊ दिलं नाही. एरवी, स्वच्छ खाडीच्या काठी, मी स्वतः पुढं होऊन चाखायला दिलं असतं. ते पान वहीच्या खिशात ठेवलं. चिखलातून वर आलेली तिवराची श्वासमुळं एका मुलीनं ‘जमिनीची बोटं’ म्हणून काढली. पिसं मात्र उचलायची नाहीत, फक्त काढायची. रानपक्ष्यांना कायद्याचं संरक्षण आहे आणि रोगराईचीही भीती असते.

ज्या रविवारी खाडीचा मेळ बसत नसे, त्या रविवारी इमारतींच्या आवारात देशी बदाम होता. जानेवारीत त्याची पानं रंग बदलायला लागतात. मुंबईत हिवाळ्यात लाल होणारं, लहान मुलाच्या हाताला येणारं हे झाड. दर आठवड्याला एक पडलेलं पान, असं ठरलं. हिरवं, मग पिवळट, मग तांबूस, मग गडद लाल, शेवटी तपकिरी. ती पाच पानं एकापाठोपाठच्या खिशांतून बाहेर काढून ओळीनं मांडली, तेव्हा एक मूल दुसऱ्याला सांगत होतं, ‘हा हिवाळा आहे. हा इथून इथपर्यंत आहे.’ त्याच आवारात पांढरा धोबी शेपूट हलवत फिरायचा. तो आला ती तारीख तिघांच्या वहीत वेगवेगळी आहे. मी ती तशीच राहू दिली, कारण तिघांनी तो तेव्हाच पाहिला होता.

आणि वास. पहिल्या दिवशीच्या त्या आईचा प्रश्न मी टाळणार नव्हते. हिवाळ्यात पहाटे हवा थंड आणि जड असते, धूर वर चढत नाही. दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटला की जरा मोकळं वाटतं. मुलांनी काठीला साडीची चिंधी बांधली आणि वारा कुठून येतो ते बाणानं काढायला सुरुवात केली. वासासाठी एकीनं नाकाची खूण शोधली. वास नसेल तर नुसतं नाक, थोडा असेल तर एक रेघ, डोकं दुखेल इतका असेल तर तीन. रोहित आणि तीन रेघांचं नाक एकाच पानावर, अशी बरीच पानं आहेत. एका पाहुण्यांनी ती चाळून सुचवलं, की प्रदर्शनात ठेवताना नाकाची पानं वगळावीत, मुलांच्या वहीत प्रसन्न गोष्टी असाव्यात. मी नाही म्हटलं. ज्या मुलाला रात्री खोकला येतो त्याला सकाळी फक्त गुलाबी पक्षी काढायला लावणं मला जमणार नाही. वही त्याची आहे, आणि हवाही त्याचीच आहे. प्रदर्शन झालं नाही तरी चालेल.

फेब्रुवारीअखेर बहुतेकांची पानं संपली. आजोबांनी वह्या उसवून मागे नवे कागद घालून दिले आणि पुन्हा शिवायला लावलं. या वेळी मुलांचे हात सरावले होते. नाकाची खूण शोधणारी मुलगी मात्र तेव्हा नव्हती. तिच्या घरच्यांची दुसरीकडे राहायची सोय झाली आणि ते गेले. वही ती घेऊन गेली. मग तिच्या आईच्या फोनवरून नव्या पानांचे फोटो यायला लागले. पिंपळ, त्यावरचा तांबट, गटाराच्या कडेचा बगळा. नाक रोज नुसतंच, रेघेशिवाय. एका पानाखाली तिनं लिहिलं होतं, ‘इथे निवट्या नाहीत. भरती पण येत नाही.’ तिची पानं संपत आली म्हणून मी शिवून तयार केलेली दुसरी वही पाठवायला निघाले, तर आईचा निरोप आला, शिवलेली नको म्हणते. नुसते कागद, मेणाचा दोरा आणि भोकं पाडायला चप्पल पाठवा. चप्पल घरची वापर म्हणून कळवलं, बाकीचं तिच्या काकांबरोबर दिलं.