फलकावरची एकच ओळ

बहुतेक दवाखान्यांच्या फलकावर तापापासून संधिवातापर्यंत लांबलचक यादी असते. माझ्या फलकावर नावाखाली एकच ओळ आहे: ‘मधुमेही रुग्णांच्या पायांची तपासणी’. "डॉक्टरसाहेब, मग बाकीचं बघत नाही का?" असं तुमच्यापैकी अनेकांनी विचारलंय. बघतो. पण सर्दी-तापाचा रुग्ण फलक वाचून येत नाही, जवळ पडतं म्हणून येतो.

ओळ पायांचीच का? रक्तातली साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पायांच्या नसा बधिर होतात. आपल्या गोंदिया जिल्ह्यात रोवणीच्या दिवसांत माणसं दिवसभर अनवाणी बांधीच्या चिखलात असतात. काटा रुतला तरी कळत नाही. दुखत नाही म्हणून कोणी दाखवत नाही, आणि दाखवायला येतात तेव्हा बोट काळं पडलेलं असतं. ज्याला काही दुखतच नाही, तो ‘सर्व आजारांवर उपचार’ वाचून आत कशाला येईल? ‘पाय’ हा शब्द वाचून मात्र थबकतो. शिवाय "तो पायाचा डॉक्टर" एवढं एका वाक्यात शेजाऱ्याला सांगता येतं. राईस मिलमधला एक हमाल बरा झाला, त्याने आणखी तिघांना पाठवलं. (गुडघेदुखीवालेही येतात, त्याला इलाज नाही.)

हे मी शोधून काढलेलं नाही. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंश हा एकच विषय धरला. त्या भागात लाल विंचवाच्या दंशाने माणसं दगावत होती. प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध त्यांनी या रुग्णांना वापरलं, निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले, आणि 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एकाच प्रकारचे शेकडो रुग्ण बघितले की डोळा तयार होतो, तो असा.

एक सावधगिरी तुमच्यासाठी. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार डॉक्टरला जाहिरात करून रुग्ण ओढता येत नाहीत, आणि त्या शाखेची खास पदवी नसताना स्वतःला तज्ज्ञ म्हणवता येत नाही. म्हणून माझ्या फलकावर ‘तज्ज्ञ’ नाही, ‘तपासणी’ आहे. मूळव्याध, भगंदर, गुप्तरोग यांवर ‘खात्रीशीर’ इलाजाचे फलक एस. टी. स्टँडजवळ दिसतात. तिथे आधी पदवी विचारा. एकच आजार लिहिणं वेगळं आणि तो येणं वेगळं.

तपासणी साधी आहे. 10 ग्रॅम दाब देणारा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवतो आणि तुम्ही डोळे मिटून ‘लागलं’ म्हणायचं. घोट्याजवळची नाडी बघतो, बोटांच्या बेचक्या बघतो. पाच-दहा मिनिटांचं काम. साखर असेल तर वर्षातून एकदा तरी करून घ्या, माझ्याकडेच असं नाही. आणि येताना नवी चप्पल घालून येऊ नका, रोजची झिजलेलीच आणा. दाब कुठे पडतो ते तीच सांगते.