जेद्दा किती दूर?

मुंबई ते जेद्दा हवाई अंतर सुमारे ३५०० किलोमीटर. विमानाला साधारण सव्वापाच-साडेपाच तास लागतात. परतताना पश्चिमेचा वारा पाठीशी असतो, म्हणून वेळ थोडा वाचतो. जेद्द्याचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. त्यामुळे सकाळी दहाला निघालेले विमान तिकिटावर दुपारी एकला उतरलेले दिसते. ‘फक्त तीन तास?’ असे मुले विचारतात, तेव्हा आम्ही हे गणित फळ्यावर सोडवून घेतो.

पूर्वी हाजी मुंबईहून जहाजाने जात, तेव्हा आठवड्याहून अधिक दिवस समुद्रात जात. १९९५ साली ती जहाजे बंद झाली. आज रत्नागिरीहून एसटीने मुंबई गाठायलाच विमानापेक्षा जास्त वेळ लागतो.

तरीही अब्बांच्या इंतकालाची खबर मिळून जेद्द्यातला आमचा भाऊ जनाज्याला पोहोचू शकला नाही. रजा, जाऊन परत येण्याचा व्हिसा, तिकीट यांतच दोन दिवस गेले. दफन काही तेवढे थांबत नाही. म्हणून ज्यांची मुले परदेशी आहेत त्यांना आमचे एवढेच सांगणे: आईवडील थकले असतील, तर पासपोर्टची मुदत, व्हिसा आणि तिकिटापुरते पैसे मुलांनी आधीच तयार ठेवावेत. प्रवास पाच तासांचाच आहे. वेळ जातो तो विमानात बसेपर्यंत.