सामाईक वहिवाट

महसूल खात्यात अव्वल कारकून म्हणून सारी हयात गेलेल्या, गळ्यात तुळशीची माळ असलेल्या आणि निरोपसमारंभाच्या मेजवान्यांतही सरबतापलीकडे न गेलेल्या माझ्यासारख्या माणसाला, मिरजेच्या एका इस्पितळात दाखल होऊन तास होतो न होतो तोच, खाटेशी आलेल्या प्रत्येक डॉक्टराने ‘दारू घेता का?’ हा एकच सवाल करावा, आणि माझा नकार ऐकून घेतल्यावर तोच सवाल किंचित खालच्या आवाजात पत्नीला करावा, याचे मला त्या अवस्थेतही वैषम्य वाटल्याशिवाय राहिले नाही. पत्नीने दिलेली जबानी तर इतकी कडक होती की शेजारच्या खाटेवरचा रुग्णही उठून बसला.

वेदना मात्र साधी नव्हती. पहाटे बेंबीच्या वर उठलेली कळ थेट पाठीत शिरली होती. उताणे पडावे तर ती दुणावे, आणि पोटाशी उशी घट्ट धरून पुढे वाकून बसावे तेव्हाच काय तो श्वास घेता येई. घरी पित्ताच्या संशयावरून आमसुलाचे सार झाले, सोडा झाला, आणि दोन्ही तत्काळ उलटून पडले. रक्तात लायपेज हे पाचकद्रव्य नेहमीच्या मर्यादेच्या तिपटीहून अधिक निघाले आणि सोबत अशी कळ असली, की स्वादुपिंडाला सूज आली असे धरतात. या सुजेची मुख्य कारणे दोनच, मद्य आणि पित्ताशयातले खडे. तेव्हा डॉक्टरांच्या त्या सवालात आकस नव्हता, तपासाची ती रीतच होती. सोनोग्राफीत मोहरीएवढे बारीक खडे दिसले आणि माझी अब्रू कागदोपत्री शाबूत राहिली.

पुढचा उलगडा सर्जनांनी केसपेपरच्या पाठीवर आकृती काढून केला. यकृताकडून येणारी पित्ताची नळी आणि स्वादुपिंडाच्या पाचकरसाची नळी, या दोन्ही बहुधा आतड्याशी एकाच मुखापाशी येऊन मिळतात. दोन खातेदारांना एकच सामाईक वहिवाट असावी, एकाने तीत धोंडा लोटावा आणि गाड्या दुसऱ्याच्या अडाव्यात, असले दावे कचेरीत माझ्या हाताखालून पुष्कळ गेले होते. येथे मात्र अडलेला रस पचनाचा असल्याने, वाट खुंटताच तो आपल्या जन्मदात्या अवयवालाच पचवू लागतो. बाल्टिमोरच्या युजीन ओपी यांनी १९०१ मध्ये शवविच्छेदनावरून हे दाखवून दिले. त्यातही मौज अशी, की मोठा खडा पित्ताशयातच ठाण मांडून राहण्याचा संभव अधिक. नळीत उतरतो तो लहान.

उपचार म्हणाल तर आरंभी निराहार आणि सलाईन. मुखावाटे पाण्याचा थेंबही नको अशी सक्त ताकीद होती. परिचारिका ओल्या कापसाने ओठ टिपून जाई आणि लघवीच्या पिशवीवरचा आकडा टॉर्चच्या उजेडात पाहून वहीत नोंदवी. भेटीस येणारा प्रत्येक आप्त शहाळे घेऊन येई, आणि ते पत्नी दारातच जप्त करून वॉर्डबॉयच्या स्वाधीन करी.

सूज उतरल्यावर, पुन्हा तोच प्रसंग नको म्हणून, घरी न सोडताच पित्ताशय काढण्याची तजवीज झाली. माझ्या थोरल्या आत्याच्या बरगडीखाली याच शस्त्रक्रियेचा वीतभर व्रण होता. माझे चार छिद्रांवर निभावले. बर्लिनमध्ये लांगेनबुख यांनी १८८२ मध्ये पहिल्यांदा पित्ताशय काढले ते पोट उघडून. दुर्बिणीतून ते काढण्याचा भारतातला आरंभ मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी १९९० मध्ये केला, हे सांगताना आमचे सर्जन, स्वतः त्याच रुग्णालयात शिकलेले असल्याने, अंमळ ताठ उभे राहिले. पित्ताशय ही केवळ साठवणीची जागा. ते गेल्यावर पित्त यकृतातून परस्पर आतड्यात उतरते आणि मनुष्याचे विशेष अडत नाही.

माझ्या आजाराची बातमी ऐकून ‘माळ घातली म्हणून काय झाले?’ असे चारचौघांत बोललेल्या मेव्हण्याने पुढे धास्तीने स्वतःची सोनोग्राफी करवली, तर त्याच्या पित्ताशयात चिंचोक्याएवढा खडा निघाला. त्रास नाही तोवर त्याला हात लावू नका, असे डॉक्टरांनी बजावले आहे. तेव्हापासून तो वड्यांना शिवत नाही आणि दर रविवारी फोन करून, आपला खडा लहान तर होत नसेल ना, असे मलाच विचारतो.